मलम फळीवर मिळतं, म्हणून कार्डावर मिळणार नाही असं नाही

ताई, नमस्कार.

माझी लेक तीन वर्षांची आहे. जन्म इथला, अमेरिकेतला. नवरा विद्यापीठात पीएचडी करतो, व्हिसामुळे मला नोकरी करता येत नाही. घर त्याच्या स्टायपेंडवर चालतं, म्हणून लेकीला मेडिकेड, म्हणजे कमी उत्पन्नाच्या घरांसाठीचा सरकारी आरोग्य विमा, मिळालं आहे. ती सहा महिन्यांची असल्यापासून तिला इसब आहे. कोपराच्या आणि गुडघ्याच्या आतल्या बाजूला, मानेवर, घोट्यांवर. रात्री खाजवत उठते. सकाळी चादरीवर रक्ताचे बारीक ठिपके असतात. डॉक्टर दर वेळी सांगतात, दिवसातून दोनदा भरपूर मॉइश्चरायझर लावा, वरून पेट्रोलियम जेली लावा, वाढलं तर एक टक्क्याचं हायड्रोकॉर्टिझोन लावा, सगळं दुकानात मिळतं. मिळतं खरं, पण एक पौंडाचा डबा दहा-बारा दिवसांत संपतो. एकदा फार्मसीत कार्ड पुढे केलं तर काउंटरवरची मुलगी म्हणाली, "हे ओटीसी आहे, इन्शुरन्स देत नाही." ओटीसी म्हणजे प्रिस्क्रिप्शनशिवाय मिळणारं. मागे रांग होती. मी पैसे दिले आणि निघाले. हल्ली मी मलम पुरवून पुरवून लावते. नवरा म्हणतो, सरकार पोरीच्या तपासण्या फुकट करतंय, आता क्रीमसाठी काय भांडायचं? मी हावरटपणा करतेय का? काही मार्ग असेल तर सांगा.

– एक आई

*

तुमच्या पत्रातल्या एका शब्दाशी मी थांबले. 'पुरवून.' तेल, साखर पुरवून वापरायची सवय आपल्या सगळ्यांच्या हाताला असते, आणि त्यात वाईट काही नाही. पण इसबाच्या कातडीला मलम पुरवून लावलं की ते न लावल्यासारखंच होतं. ही कातडी पाणी धरून ठेवू शकत नाही. वरचा थर फटींच्या भिंतीसारखा असतो, आतला ओलावा बाहेर जातो आणि बाहेरचं सगळं आत शिरतं. मॉइश्चरायझर त्या फटी बुजवतो. तो पातळ फासला तर फटी तशाच राहतात.

तुम्ही जास्त वापरताय असं वाटत असेल तर आधी हा हिशोब बघा. पौंडाचा डबा म्हणजे 454 ग्रॅम. तो दहा ते बारा दिवसांत संपतो, म्हणजे आठवड्याला साधारण 265 ते 320 ग्रॅम. ब्रिटनमध्ये नाइस ही संस्था डॉक्टरांसाठी उपचारांचे नियम काढते. लहान मुलांच्या इसबाबद्दल त्यांनी 2007 मध्ये जे नियम काढले, त्यात मॉइश्चरायझर आठवड्याला 250 ते 500 ग्रॅम द्यावा असं लिहिलं आहे. म्हणजे पुरवून लावायला लागण्याआधी तुमचा हात अगदी बरोबर होता. हा आकडा वहीत लिहून ठेवा, पुढे डॉक्टरांपुढे कामाला येईल.

आता काउंटरवरचं. मी स्वतः बरीच वर्षं अमेरिकेत एका फार्मसीच्या काउंटरमागे टेक्निशियन म्हणून काम केलं. काउंटरवरच्या त्या मुलीनं जे वाक्य म्हटलं, ते मी किती आयांना म्हटलं असेल याची मोजदाद नाही. त्यातल्या काहींचे चेहरे अजून डोळ्यांसमोर आहेत: हातातला डबा परत फळीवर ठेवून, मुलाला कडेवर घेऊन गेलेल्या. ते वाक्य खोटं नसतं, पण अर्धं असतं. पूर्ण वाक्य असं आहे: प्रिस्क्रिप्शनशिवाय घेतलेल्या ओटीसी वस्तूचे पैसे मेडिकेड देत नाही. फळीवरून उचलून आणलेल्या डब्यासाठी फार्मसीच्या कॉम्प्युटरकडे बिल लावायला काही नसतंच. ना डॉक्टरांचं नाव, ना डोसचा हिशोब, ना किती दिवसांसाठी दिलं ते. तोच डबा डॉक्टरांनी प्रिस्क्रिप्शन म्हणून पाठवला, तर त्याचा रीतसर क्लेम होतो आणि मेडिकेडला त्यावर हो किंवा नाही म्हणावं लागतं. ओटीसी औषध डॉक्टरांनी लिहून दिलं तर त्याचे पैसे द्यायची सोय मेडिकेडच्या केंद्रीय कायद्यातच आहे. कोणती ओटीसी औषधं द्यायची, हे मात्र बरंचसं त्या त्या राज्यावर सोडलेलं आहे. म्हणून एका राज्यात सहज मिळणारा डबा शेजारच्या राज्यात अडतो.

तेव्हा पहिलं काम फार्मसीत नाही, डॉक्टरांकडे आहे. 'दुकानात मिळतं' असं ते म्हणतात तेव्हा त्यांच्या डोक्यात तुमची सोय असते, तुम्हाला पुन्हा यायला लागू नये ही. त्यांना मोकळेपणानं सांगा की दुकानातून घेणं परवडत नाही, म्हणून मी कमी लावते आहे. हे बोलायला जीभ अडते, मला माहीत आहे. डॉक्टरांपुढे पैशाचं बोलायचं नसतं अशा घरांत आपण वाढलो. पण तुम्ही हे सांगितलं नाही तर डॉक्टर समजतात, मॉइश्चरायझर भरपूर लावूनही गुण येत नाही, आणि जास्त कडक स्टेरॉइडकडे वळतात. तुमच्या एका न बोललेल्या वाक्यानं लेकीचा उपचार बदलू शकतो.

प्रिस्क्रिप्शन लिहून घेताना काय लिहिलंय ते वाचा. 'ॲज नीडेड', म्हणजे लागेल तसं, असं लिहिलं तर मेडिकेडला ती अधूनमधून लागणारी वस्तू वाटते, आणि फार्मसी लहान ट्यूब देऊन मोकळी होते. त्याऐवजी 'दिवसातून दोनदा, अंगभर' असं लिहिलेलं हवं. एकूण किती ग्रॅम आणि ते किती दिवसांचं, हे लिहिलेलं हवं. आठवड्याला 300 ग्रॅम धरले तर महिन्याला 1200 ग्रॅमच्या वर जातं, म्हणजे जवळजवळ तीन डबे. हा आकडा डॉक्टरांच्या लेखणीतून उतरायला हवा, नाहीतर महिन्याला एक डबा मंजूर होतो आणि बाराव्या दिवशी 'रीफिल टू सून', म्हणजे इतक्यात पुन्हा देता येणार नाही, असा नकार येतो. रीफिलही मागून घ्या. तीन वर्षांच्या मुलीचं इसब पुढच्या महिन्यात जाणार नाही हे डॉक्टरांनाही ठाऊक आहे.

आणखी एक गोष्ट, जी बाहेर कुणी सांगत नाही. डबा उलटा करून मागची बाजू बघा. काही डब्यांवर काळ्या चौकटीत 'ड्रग फॅक्ट्स' असं छापलेलं असतं आणि त्याखाली 'ॲक्टिव्ह इन्ग्रेडियंट'. काही डब्यांवर नुसती घटकांची यादी असते. पहिली वस्तू अमेरिकेच्या कायद्यात औषध आहे, दुसरी सौंदर्यप्रसाधन. आतला पदार्थ हाताला अगदी सारखा लागला तरी. पांढरी पेट्रोलियम जेली, कोलॉइडल ओटमील, डायमेथिकोन, झिंक ऑक्साइड हे घटक त्वचेचं रक्षण करणारी ओटीसी औषधं म्हणून एफडीए या अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेनं मान्य केलेले आहेत, आणि ते ज्या मलमात ॲक्टिव्ह म्हणून छापलेले असतात त्यावर बहुतेक वेळा एनडीसी नावाचा एक नंबरही असतो. फार्मसीचा क्लेम जातो तो त्या नंबरावर. एनडीसी नाही तर औषधाच्या खिडकीतून क्लेम जाणं कठीण. मी काउंटरमागे असताना कितीतरी प्रिस्क्रिप्शनं केवळ याच कारणानं परत जाताना पाहिली. डॉक्टरांनी एखाद्या प्रसाधनाच्या ब्रँडचं नाव लिहिलेलं असायचं, आणि दोन हात पलीकडच्या फळीवर तेच काम करणारा, चौकटवाला, दुकानाच्या स्वतःच्या नावाचा डबा पडून असायचा. म्हणून फार्मासिस्टला, टेक्निशियनला नाही, गर्दी नसताना, शक्यतो सकाळी, विचारा: "माझ्या मुलीच्या प्लॅनमध्ये प्रिस्क्रिप्शनवर कोणतं पेट्रोलियम किंवा ओटमीलचं मलम चालतं?" ते कॉम्प्युटरवर बघून सांगू शकतात. ते नाव कागदावर लिहून घेऊन डॉक्टरांच्या ऑफिसला कळवा. एक टक्क्याचं हायड्रोकॉर्टिझोन तर औषधच आहे, त्याच्या प्रिस्क्रिप्शनला अडचण येण्याचं कारण कमी.

निदान कोणत्या शब्दांत लिहिलंय, यावरही बरंच ठरतं. डॉक्टरांच्या कागदावर प्रत्येक निदानाला एक कोड असतो. L85.3 म्हणजे नुसती कोरडी कातडी. L20 नं सुरू होणारे कोड म्हणजे अटोपिक डर्माटायटिस, म्हणजे आपलं इसब. सांध्यांच्या घडीतल्या इसबाचा L20.82. घाईघाईत 'कोरडी कातडी' टाकलेलं असेल तर मेडिकेडच्या बाजूला बसलेला माणूस म्हणणार, कोरडी कातडी तर हिवाळ्यात सगळ्यांचीच होते. भेटीनंतर मिळणाऱ्या सारांशावर हा कोड छापलेला असतो. एवढा एक बघून घ्या.

आणि इथे आपल्या मुलांच्या बाबतीत एक गोष्ट घडते, जी मला फार लागते. वैद्यकीय पुस्तकांतलं इसब गोऱ्या कातडीवरचं, लालभडक असतं. आपल्या सावळ्या कातडीवर ते लाल दिसत नाही. तपकिरी, जांभळट, कधी राखाडी दिसतं. कातडी जाड होते, बारीक पुळ्या उठतात, आणि गेल्यावर काळे किंवा पांढरे डाग मागे राहतात. घाईत बघणारा डॉक्टर 'माइल्ड' लिहून मोकळा होतो. तुम्ही जाता त्या दिवशी तर ते नेमकं शांत असतं. म्हणून वाईट दिवसाचे फोटो काढा, खिडकीच्या उजेडात, फ्लॅश न लावता. कोपराच्या खोबणीचा एक, मानेचा एक. सकाळच्या चादरीचाही काढा. त्या ठिपक्यांपुढे 'माइल्ड' हा शब्द टिकत नाही.

पोएम नावाची एक प्रश्नावली आहे, डॉक्टरांकडे मागितली तर मिळेल. सातच प्रश्न असतात, गेल्या आठवड्याबद्दल: किती दिवस खाज होती, किती रात्री झोपमोड झाली, किती दिवस रक्त आलं, पाणी सुटलं, भेगा पडल्या, खपल्या निघाल्या, कातडी कोरडी-खरखरीत होती. प्रत्येकाला शून्य ते चार गुण, एकूण 28. 8 ते 16 म्हणजे मध्यम इसब, 17 किंवा जास्त म्हणजे तीव्र. तुमच्या पत्रातल्या वर्णनावरून निदान मी करणार नाही, पण तुम्ही ती प्रामाणिकपणे भरून डॉक्टरांच्या फाइलमध्ये लावायला सांगा. रात्रीची झोपमोड डॉक्टरांना दिसत नाही. ती फक्त तुम्हाला दिसते, आणि या प्रश्नावलीत तिला आकडा मिळतो.

आता तुमचा मूळ प्रश्न. हावरटपणा करतेय का?

नाही. तुम्ही कुणाकडे काही जास्तीचं मागत नाही, कायद्यानं तुमच्या लेकीला जे आहे तेच मागताय. मेडिकेड सुरू झालं 1965 मध्ये. दोनच वर्षांनी, 1967 मध्ये, त्यात मुलांसाठी एक वेगळा भाग घातला गेला, ईपीएसडीटी. मराठीत सांगायचं तर मुलांची लवकर आणि नियमित तपासणी, निदान आणि उपचार. 1989 मध्ये तो आणखी पक्का केला. त्यानुसार 21 वर्षांखालच्या मेडिकेडवरच्या प्रत्येक मुलाला, मेडिकेडच्या कायद्यात बसणारा कोणताही उपचार त्याच्यासाठी वैद्यकीयदृष्ट्या गरजेचा असेल, तर राज्यानं तो द्यायला हवा; मोठ्यांना राज्य तो देत नसलं तरीही. 'महिन्याला एकच डबा' यासारखी मर्यादाही मुलाची गरज जास्त आहे हे दाखवलं की ओलांडावी लागते. त्या कायद्यातले शब्द मला फार मोलाचे वाटतात. उपचार दोष दूर करणारा असावा, किंवा त्रास कमी करणारा असावा. पूर्ण बरं करायलाच हवं असं नाही. इसब अनेकदा बरं होतच नाही, नुसतं आटोक्यात राहतं. 'मॉइश्चरायझरनं रोग जात नाही, मग सरकारनं का द्यायचा' या प्रश्नाचं उत्तर त्या 'किंवा'त आहे. सप्टेंबर 2024 मध्ये केंद्रानं सगळ्या राज्यांना पत्र पाठवून या जबाबदारीची पुन्हा आठवणही करून दिली होती.

तुम्ही राज्याचं नाव लिहिलं नाहीत, म्हणून दोन गोष्टी तुम्हालाच बघाव्या लागतील. एक, लेकीचं कार्ड खरंच मेडिकेडचं आहे की चिप या दुसऱ्या योजनेचं. 1997 मध्ये आलेली ही मुलांची योजना काही राज्यांत मेडिकेडचाच भाग म्हणून चालते, आणि तिथे वरचा नियम लागू होतो. काही राज्यांत ती वेगळी चालवतात, आणि तिथे तो लागू होईलच असं नाही. कार्डावरच्या नावावरून कळत नाही. कॅलिफोर्नियात मेडी-कॅल म्हणतात, मॅसॅच्युसेट्समध्ये मासहेल्थ, टेनेसीत टेनकेअर. मंजुरीच्या पत्रात बघा किंवा फोन करून नेमकं विचारा. दुसरी गोष्ट, औषधांचा कारभार कुणाकडे आहे. बऱ्याच राज्यांत तो प्लॅनकडे, म्हणजे मेडिकेडच्या वतीनं काम बघणाऱ्या विमा कंपनीकडे असतो, पण कॅलिफोर्नियानं जानेवारी 2022 पासून आणि न्यूयॉर्कनं एप्रिल 2023 पासून तो राज्याकडे घेतला आहे. तिथे प्लॅनला फोन करून तासभर होल्डवर बसलात तरी उपयोग नाही. फोनवर इंग्रजीची धाकधूक वाटत असेल तर पहिलंच वाक्य हे म्हणा: "मराठी इंटरप्रिटर, प्लीज." दुभाषा फुकट द्यावा लागतो, मराठीसाठीही. थोडा वेळ लागतो, पण मिळतो.

प्रिस्क्रिप्शन गेलं आणि फार्मसीनं सांगितलं की प्रायर ऑथरायझेशन लागेल, तर घाबरू नका. हा नकार नसतो. डॉक्टरांनी आधी कारण द्यायचं, मग मंजुरी मिळते, एवढंच. औषधासाठी अशी विनंती आली की मेडिकेडला 24 तासांत उत्तर द्यावं लागतं, आणि तातडीची वेळ असेल तर तोवर किमान 72 तासांपुरतं औषध देण्याची सोय कायद्यात आहे. उशीर होतो तो बहुतेक वेळा डॉक्टरांच्या ऑफिसात, फॅक्सच्या ढिगात. म्हणून फार्मसीला नाही, डॉक्टरांच्या ऑफिसला फोन करून विचारा, ऑथरायझेशनचा कागद गेला का, कोणत्या दिवशी गेला, कुणी पाठवला. उत्तर देणाऱ्याचं नाव आणि तारीख लिहून ठेवा.

त्याबरोबर डॉक्टरांचं एक छोटं पत्र जायला हवं. ते डॉक्टरच लिहितात, पण त्यात काय असावं हे तुम्ही सुचवू शकता, आणि बहुतेक डॉक्टरांना ते बरंच वाटतं, कारण त्यांच्याकडे वेळ नसतो. मुलीचं निदान आणि ते किती दिवसांपासून आहे. पोएमचा आकडा. आठवड्यातून किती रात्री झोपमोड होते. कातडीला कधी जंतुसंसर्ग होऊन अँटिबायोटिक लागलं का. याआधी काय काय वापरलं आणि कशानं चुरचुरलं. आठवड्याला किती ग्रॅम लागतं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, रोजचा मॉइश्चरायझर कमी पडला की इसब उसळतं आणि स्टेरॉइड जास्त लागतं. तो पुरेसा असला की दोन्ही कमी होतं. शेवटी ईपीएसडीटीचं नाव आणि 'मेडिकली नेसेसरी' हे दोन शब्द. हे शब्द नसले तर चांगलं पत्रसुद्धा नुसती शिफारस ठरतं.

समजा तरीही नाही म्हणाले. तर पहिली गोष्ट, तोंडी नकार घेऊन घरी यायचं नाही. काउंटरवरचं 'नाही' हा निर्णय नसतो, तो कॉम्प्युटरच्या पडद्यावरचा एक संदेश असतो. फोन करून लेखी नकार मागा. त्या पत्रात कारण आणि दाद कशी मागायची हे लिहिलेलं असावंच लागतं. प्लॅनचा नकार असेल तर पत्राच्या तारखेपासून 60 दिवसांत प्लॅनकडे अपील करता येतं, आणि त्यांना साधारणपणे 30 दिवसांत निकाल द्यावा लागतो. मुलीची तब्येत थांबण्यासारखी नसेल तर डॉक्टरांच्या सांगण्यावरून 72 तासांत. तिथेही नाही म्हणाले तर राज्याकडे फेअर हिअरिंग, म्हणजे सुनावणी मागता येते. आधी मिळत असलेली गोष्ट बंद करत असतील तर 10 दिवसांच्या आत अपील करून ती चालू ठेवायला सांगा. या मुदती पत्रातच छापलेल्या असतात, आणि तुमच्या पत्रावर जे छापलंय तेच धरून चाला. सुनावणी म्हणजे कोर्ट नव्हे. बऱ्याचदा ती फोनवरच होते. लीगल एडचे वकील अशा कामाचे पैसे घेत नाहीत, आणि मुलांच्या मेडिकेडची प्रकरणं ते नेहमी हाताळतात.

औषधाच्या खिडकीतून काहीच होत नसेल, आणि विशेषतः डॉक्टरांनी रात्री ओल्या पट्ट्या गुंडाळायला सांगितल्या असतील, तर दुसरं दार आहे: वैद्यकीय साहित्य. गॉझ, नळीसारख्या पट्ट्या, इसबाच्या मुलांचे आतले कपडे हे औषध नाही, साहित्य आहे, आणि ते फार्मसीतून न येता साहित्य पुरवणाऱ्या दुकानाकडून येतं. अशा साहित्यावर सरसकट बंदी घालायला राज्यांना परवानगी नाही. यादीत नसलेली वस्तू मागायची रीतसर वाट त्यांना ठेवावी लागते. डॉक्टरांच्या ऑफिसमध्ये ही कामं बघणारी नर्स असते. तिला विचारा. माझा अनुभव असा की त्या ऑफिसात तुमच्या उपयोगाचं सगळ्यात जास्त तिलाच माहीत असतं.

साधं सुगंधी लोशन मात्र या कशातच बसत नाही, आणि त्यासाठी भांडू नका. तसंही इसबाला सुगंध चांगला नाही. आधी दुकानात खर्च केलेले पैसेही सहसा परत मिळत नाहीत, कारण मेडिकेड पैसे देतं ते फार्मसीला, आपल्या हातात नाही. त्या पावत्या फेकू नका, पण त्यांच्या आशेवरही राहू नका.

तुम्ही विचारलं नाहीत, तरी एक विचारते. घरात भारतातून आलेली एखादी क्रीमची ट्यूब आहे का? येणारा कुणीतरी बॅगेतून आणतो, आजी म्हणते, याच्यानं दोन दिवसांत गुण येतो. आणि येतोही. कारण त्यातल्या पुष्कळ ट्यूबांमध्ये क्लोबेटासोल किंवा बीटामेथासोनसारखं कडक स्टेरॉइड असतं, वर बुरशीवरचं औषध आणि अँटिबायोटिक मिसळलेलं. भारत सरकारनं 2018 मध्ये अशी कातडीवरची स्टेरॉइडं प्रिस्क्रिप्शनशिवाय विकायची नाहीत असं ठरवलं, तरी ती हातोहात मिळतात. लहान मुलाच्या अंगावर, त्यातही चेहऱ्यावर आणि घड्यांमध्ये, ती महिनोन्‌महिने लावली तर कातडी पातळ होते आणि स्टेरॉइड शरीरात शिरतं. लावली असेल तर स्वतःला दोष देऊ नका. हातात पैसे नसताना आईला जे मिळतं ते ती लावते. पण ती ट्यूब बॅगेत घालून डॉक्टरांकडे न्या आणि दाखवा. बरेच दिवस रोज लावत असाल तर मनानं एकदम बंद करू नका, कशी थांबवायची तेही त्यांनाच विचारा.

तुमच्या यजमानांच्या बोलण्यात आणखी एक भीती लपलेली असावी असं मला वाटतं, आणि ती अनेक घरांत असते: जास्त मागितलं तर आपल्या ग्रीन कार्डाला काही होईल का? लेक अमेरिकेची नागरिक आहे आणि मेडिकेड तिचं आहे. तुमच्या इमिग्रेशनच्या कागदांबद्दल मात्र मित्रांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जाऊ नका, माझ्यावरही विसंबू नका. विद्यापीठात आंतरराष्ट्रीय विद्यार्थ्यांचं ऑफिस असतं, तिथून इमिग्रेशन वकिलाची गाठ घालून देतात का ते विचारा, आणि त्याला एकदाच सगळं नीट विचारून घ्या. मेडिकेडचं कार्ड आधीपासून आहेच. त्यावर तपासणी झाली काय आणि मलम मिळालं काय, यानं ते कार्ड बदलत नाही.

डॉक्टरांची भेट व्हायला वेळ असेल तर पेशंट पोर्टलवर आजच मेसेज टाका. बहुतेक मुलांचे डॉक्टर भेटीशिवायही प्रिस्क्रिप्शन पाठवतात, मूल त्यांनी नुकतंच बघितलं असेल तर. आणि तोवर, आज रात्री, अंघोळीनंतर अंग टिपून, कातडी अजून ओलसर असतानाच, पुरेसं लावा. हातावर तकाकी दिसेल एवढं. डबा दोन दिवस आधी संपला तर संपू दे.

लेखी नकार आलाच, तर नाव आणि नंबर झाकून त्याचा फोटो मला पाठवा. कारणाची ओळ आणि वरची तारीख एवढं दिसलं तरी पुरे, अपिलात काय लिहायचं ते आपण दोघी मिळून बसवू.

– तुमची ताई